आठ लाख पन्नास हजार चारशे एक्क्याऐंशी

४ नोव्हेंबर

दादा,

वर आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, शाळेत शिकवलं होतं तसं. मग खोडलं. जिने सत्तावीस वर्षांत एक ओळ पाठवली नाही, तिने एकदम तीर्थस्वरूपावर उडी घेणं बरं दिसत नाही. पत्ता आईकडून घेतला. तिने लगेच दिला आणि वर म्हणाली, "घर नंबर नीट उतरव, तुझ्या आकड्यांचा भरवसा नाही." तिची जीभ अजून शाबूत आहे, गुडघे मात्र गेले.

लिहायचं कारण असं की बाजाराच्या मनोऱ्यावरचं बाबांचं घड्याळ उतरवलं. तिथे आता विजेवर चालणारं बसणार आहे. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासते, हे आईने तुला फोनवर सांगितलं असेलच. काम पाहणारा इंजिनियर परवा तिथे मला शोधत आला. हातात पत्र्याची पेटी. मनोऱ्यातल्या खोलीत सापडली म्हणाला, झाकणावर तुमच्या वडिलांचं नाव कोरलंय, भंगारात कशी टाकणार. मी त्याला चहा पाजला. पेटी मात्र तो गेल्यावरच उघडली.

आत तेलाची बुधली, दोन ब्रश, डोळ्याला लावायचं भिंग आणि आपली निळ्या पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात तो आकडा, खाली दोन रेघा. पुढची पानं तुझी, त्यापुढची माझी.

तू या वहीवरून जे म्हणाला होतास त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. तो बुधवार होऊन गेला. फक्त वही हातात आलीच आहे तर माझे भागाकार एकदा पुन्हा तपासावेत असं वाटलं. सवय आहे, तपासण्याचाच पगार मिळतो. विशेष असं काही नाही.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

बारकी


१० नोव्हेंबर

दादा,

मागचं पत्र टाकलं आणि दिवसभर वाटत राहिलं की 'विशेष असं काही नाही' हे वाक्य लिहायला नको होतं. मुद्रितात असं वाक्य दिसलं की मी समासात प्रश्नचिन्ह काढते. पण पत्र पेटीत पडलं होतं.

वही रोज दप्तरात घेऊन जाते. जेवणाच्या सुट्टीत उघडते. काम राहतं बाजूला, मी जुन्या दुकानात जाऊन बसते. तुला तिथलं काय काय आठवतं? मला आवाज आठवतो. चाळीस घड्याळं आणि एकाचाही ठोका दुसऱ्याशी जुळत नाही. गिऱ्हाईक विचारायचं, यातलं बरोबर कुठलं? बाबा बोट वर करून मनोऱ्याकडे दाखवायचे. तू काउंटरखाली बसून जुन्या पावत्यांच्या पाठीवर आकडे फोडायचास आणि मी तुझ्या पाठीला पाठ लावून. इतर बाप पोरांना खाऊ आणायचे. आपले बाबा मनोऱ्यावरून उतरताना आकडा आणायचे. "हा बघा, दिसायला कसा सरळ आहे. फुटतो का?"

फुटला तर तो 'मऊ'. कशानेच फुटला नाही तर 'हट्टी'. शाळेत बाई 'मूळ संख्या' म्हणाल्या तेव्हा मी शेजारणीला विचारलं होतं की बाईंना हट्टी हा शब्द येत नाही का. घड्याळजीच्या घरात त्याला तसाच अर्थ होता. मऊ आकड्याची छोटी छोटी चाकं पाडता येतात, हट्ट्याची येत नाहीत. आई तुला हट्टी म्हणायची तेव्हा तू म्हणायचास, "मग मला फोडायला जाऊ नकोस."

आणि मग तो मोठा आकडा आला. मी एकोणीसने भागून भागून कंटाळलेली सोळा वर्षांची आणि तू खरोखरचा एकोणीसचा. बाबांना मनोऱ्यावर तासांच्या तबकडीखाली चंद्राची तबकडी बसवायची होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितली नव्हती. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी एकोणतीस दिवस, बारा तास, चव्वेचाळीस मिनिटं, तीन सेकंद. सगळ्याची सेकंदं केली तर २५,५१,४४३. दिवसाला एक फेरा मारणारं चाक घड्याळात होतंच. त्याच्या पुढे दात्याला दाता जुळवत शेवटी असं चाक हवं होतं जे बरोबर एवढ्या सेकंदांत एक फेरा घेईल. पंचवीस लाख दात्यांचं चाक कोण कापणार? म्हणून आकडा फोडायचा आणि तुकड्यातुकड्याचं चाक करायचं.

तीनने भाग गेला तेव्हा आपण दोघं नाचलो होतो. उरले ८,५०,४८१. ते हलेचनात.

तू बाबांना सुचवलं होतंस की थोडा जवळचा, मऊ आकडा घेऊ, शंभर वर्षांत कुणाला फरक कळणार नाही. बाबा म्हणाले, "जवळपास म्हणजे चूकच, नुसती नम्र." आता मला गंमत वाटते. वहीत घडी करून ठेवलेल्या एका कागदावर त्यांनी पुस्तकातून उतरवलेला मूळ आकडा आहे. शेवटी तीन सेकंदं नाहीत, दोन पूर्णांक नऊ दशांश आहेत. बाबांनी स्वतःच ते तीन केले होते. म्हणजे नम्र चूक त्यांच्याही घरात होती.

तू भिंतीवर खडूने काढून दाखवलंस की दोन्ही तुकडे ९२२च्या पुढचे असूच शकत नाहीत, गुणाकार आकड्याच्या बाहेर जातो. म्हणजे ९२२च्या आतल्या सगळ्या हट्ट्या आकड्यांनी भागून पाहायचं. तसे एकशे सत्तावन्न. पहिले एकोणऐंशी तू घेतलेस आणि ४०९ ते ९१९ हे अठ्ठ्याहत्तर मला दिलेस. मोठ्या भाजकाला पायऱ्या कमी लागतात, म्हणून सोपी बाजू धाकटीला.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं. पुढचं लिहायला वेळ मिळावा म्हणून लिहिलं असावं.

बारकी


१७ नोव्हेंबर

दादा,

माझ्या पानांवर ४०९ पासून ७०१ पर्यंत सत्तेचाळीस भागाकार आहेत, पायऱ्यांसकट, खाडाखोडीसकट. त्यानंतर पायऱ्या नाहीत. नुसती दोन रकान्यांची यादी. डावीकडे भाजक, उजवीकडे शेष. ७०९ पासून ९१९ पर्यंत एकतीस ओळी. अक्षर सुंदर आहे, एकही खाडाखोड नाही. माझ्या हाताखालच्या मुलीने असं पान आणलं असतं तर मी पहिल्या नजरेत ओळखलं असतं की हे उतरवलेलं आहे किंवा रचलेलं.

रचलेलं आहे.

बाबांनी बुधवारी संध्याकाळी सहाची वेळ दिली होती. बुधवारी दुपारी माझे एकतीस उरले होते, दीड तासाचं काम. आणि माझ्या मैत्रिणीला सायकल मिळाली होती. तीनला ती मागच्या गल्लीत येऊन घंटी वाजवायला लागली. मी म्हटलं अर्धा तास. मैदानावर पहिल्यांदा कुणी न धरता सायकल गेली, तेव्हा अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. मग पडले. साडेपाचला मागच्या दाराने घरात आले आणि पाव तासात एकतीस शेष लिहिले. मनाला येतील ते. सगळे वेगवेगळे यावेत एवढी काळजी मात्र घेतली.

तू दुकानाच्या खिडकीतून मला येताना पाहिलं होतंस. बाबांनी वही हातात घेतली, विचारलं, "दोघांचं झालं? हट्टी आहे म्हणायचा?" आणि मी हो म्हटलं. तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "हिचे शेवटचे हिने केलेले नाहीत." मी काय म्हणाले ते तुला आठवत असणार. मी लिहून ठेवते, कारण आजवर डायरीतही लिहिलेलं नाही. मी म्हणाले, "केलेत. बाबांच्या गळ्याशपथ केलेत."

बाबांनी मग वही उघडलीच नाही. पोरीने माझ्या गळ्याची शपथ घेतली, आता तपासायचं काय, म्हणाले. तुला म्हणाले, बहिणीची माफी माग. तू म्हणालास, केलेलं नाही ते केलेलं नाही. आणि मग ते म्हणाले की माफी मागितल्याशिवाय या घरात जेवायचं नाही. तू खरंच जेवला नाहीस. शनिवारी बॅग भरलीस. बाबा गेले तेव्हा तू एक दिवस आलास, दारातल्या खुर्चीवर बसलास आणि नुसतं पाणी प्यायलास. ते मी पाहिलं. मी स्वयंपाकघरात होते आणि तुझं ताट वाढून ठेवलं होतं. बाहेर आणायची हिंमत झाली नाही.

काल आईला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं. तुझा गुडघा फुटला होता. भागाकार करताना गुडघा फुटत नाही."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तिने सोललेले दाणे बाजूला केले. मग म्हणाली, "वाटलं दोन दिवसांत मिटेल. तुम्ही दोघं भांडायचात आणि मिटायचं. आणि एकदा गप्प बसलं ना, की बोलायचा दिवस सापडत नाही."

आता मी ते एकतीस करणार आहे. हाताने. आणि तुला खरं सांगते, मला भीती वाटते. आकडा हट्टी आहे असं मी न मोजता सांगितलं आणि बाबांनी चंद्राची तबकडी सोडून दिली. त्या एकतिसांतल्या एकाने जरी भाग गेला, तर ती तबकडी माझ्यामुळे झाली नाही.

बारकी


२४ नोव्हेंबर

दादा,

एकवीस झाले. ७०९चा शेष ३९०, ७१९चा ६२३. अजून एकानेही भाग गेलेला नाही.

रोज दोन किंवा तीन करते, सकाळी चहाबरोबर एक आणि उरलेले छापखान्यात. यांनी पहिल्या दिवशी खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, घरात कॅल्क्युलेटर आहे, फोनमध्ये आहे, पोरीच्या घड्याळातसुद्धा आहे. मी म्हटलं, हाताने करायचे राहिलेत, हातानेच करायचे. ते म्हणाले, "बरं. पण चहा उतू गेलाय." आईला विचारायचं नाही, तरी ती सांगतेच. "तेव्हा केले असतेस तर दीड तास. आता बघ, सत्तावीस वर्षं नि दीड तास."

भागाकार करताना हात तुझ्यासारखा चालतो हे कळलं. वजाबाकीची रेघ मी पट्टी न लावता एका झटक्यात ओढते आणि शेवटी किंचित वर उचलते. ही तुझी रेघ आहे. काउंटरखाली तुझ्या पाठीला पाठ लावून बसलेली असताना मी ती कधी पाहिली कुणास ठाऊक. बहुतेक पाठीला कळली असेल.

आज ८५३ केला. भागाकार ९९७ आला. शेवटची वजाबाकी करण्याआधी ताळा म्हणून मी ८५३ गुणिले ९९७ करून पाहिलं आणि उत्तर आलं ८,५०,४८१. पेन खाली ठेवलं. समोरची मुलगी म्हणाली, बाई, काय झालं, पाणी देऊ? मी नको म्हटलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते नेमकं लिहायचा प्रयत्न करते. आधी वाटलं, मी बाबांची तबकडी घालवली. आणि लगेच, त्याच्या मागोमाग, सुटल्यासारखं वाटलं. सापडलं एकदाचं. आता काय चुकलं ते बोट ठेवून दाखवता येईल.

मग पुन्हा वाचलं. उत्तर ८,५०,४४१ होतं. आठाच्या जागी चार. शेष चाळीस. मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडते आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला चार आठ म्हणून वाचला. डोळा अक्षर वाचत नाही, जे दिसायची धास्ती असते ते वाचतो.

पण ते सुटल्यासारखं का वाटलं, याचा विचार करते आहे. ती भावना चांगली नव्हती.

बारकी


१ डिसेंबर

दादा,

झाले. एकतीसही झाले. शेवटचा ९१९, भागाकार ९२५, शेष ४०६. एकानेही भाग जात नाही. आकडा हट्टी आहे. मी न मोजता जे सांगितलं होतं ते खरं निघालं.

मी उठून नळाखाली हात धुतले. आनंद झाला नाही.

त्याआधी, शुक्रवारी, आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला सत्तावीस वर्षं सुचली नाही याची लाज वाटते. बाबांच्या यंत्रावर दोनशेच्या वर दाते पडत नव्हते. म्हणजे त्यांच्या कामाचा प्रत्येक तुकडा दोनशेच्या आतला हवा. दोनशे गुणिले दोनशे फक्त चाळीस हजार. तेव्हा निदान तीन तुकडे लागणार. आणि तिन्ही तुकडे पंच्याण्णव किंवा त्याहून मोठे घेतले तर गुणाकार साडेआठ लाखांच्या पुढे जातो. म्हणजे एक तरी तुकडा पंच्याण्णवच्या आत पाहिजे. पंच्याण्णवच्या आतले सगळे भाजक तुझ्या पानांवर होते. तू ते प्रामाणिकपणे केले होतेस आणि एकानेही भाग गेला नव्हता.

चंद्राची तबकडी तिथेच संपली होती, पहिल्या चोवीस भागाकारांत. माझ्या अठ्ठ्याहत्तरांची बाबांना गरजच नव्हती. आपण तिघांनी एवढा आकड्याचा ध्यास घेतला आणि चाकं मोजायची विसरलो. असं वेडेपण आपल्याच घरात होऊ शकतं.

आता बघ काय झालं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी बाबांचं स्वप्न मोडलं. तो अपराध मी जपला होता, अधूनमधून काढून पुसतही होते. त्यात एक मोठेपणा होता. आणि त्याच्या आडून दुसरी गोष्ट बघावी लागत नव्हती. तबकडीचं मी काहीही बिघडवलं नाही. आकड्याचंही नाही. मी फक्त तुझं बिघडवलं. तेवढं एकच केलं आणि ते पुरं केलं.

एकतीस शेषांची यादी सोबत जोडते. तुला तपासायची असेल तर.

एक विचारायचं राहिलं. माझ्या जुन्या, रचलेल्या यादीत ७१९च्या पुढे मी शेष लिहिला होता ७४३. शेष भाजकापेक्षा मोठा! चौथीतलं पोरही हसेल. पाव तासात रचायला बसल्यावर असंच होणार. त्या ७४३ भोवती पेन्सिलीने एक बारीक वर्तुळ आहे. मी काढलेलं नाही. तू काढलंस का? तुला दिसलं होतं, तर तू तेव्हाच दाखवलं का नाहीस?

बारकी


१२ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते आईच्या हातात दिलं, तिने आधी स्वतः वाचलं, मग मला फोन केला आणि फोनवर वाचून दाखवायला नकार दिला. "घरी ये, तुझ्या डोळ्यांनी वाच." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

ते इथे उतरवून ठेवते, कारण कार्ड आई परत देईल असं दिसत नाही.

"बारकी, ७६९चा शेष ७६३ नाही, ७३६. बाकीचे तीस बरोबर. हे एकतीस मी तेव्हाच केले होते, गुरुवारी आणि शुक्रवारी, मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून. एकाने तरी भाग जावा म्हणून करत होतो. गेला असता तर बाबांपुढे कागद ठेवला असता. गेला नाही. तुझं उत्तर बरोबर निघालं, मग मी काय दाखवणार होतो? त्या आकड्याचा मला जेवढा राग आला तेवढा तुझाही आला नाही. वर्तुळ माझं नाही. वही त्या बुधवारी बाबांनी वर नेली, त्यानंतर मी पाहिली नाही. दादा."

७६९ पुन्हा केला. ७३६च. आकडे उलटे उतरवले होते.

वर्तुळ तुझं नाही म्हणजे बाबांचं. वही दुसऱ्या कुणाच्या हातात गेलीच नाही. आणि आता मला एक दुपार आठवते, तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता. तू जाऊन महिना-दीड महिना झाला असेल. मी परीक्षेचा अभ्यास करत होते. बाबा मनोऱ्यावरून उतरले, हात तेलाचे, दारातच उभे राहिले आणि विचारलं, "बारकी, शेष भाजकापेक्षा मोठा असतो का गं?" मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं, नाही बाबा, कसा असेल. ते "हं" म्हणाले. थोडा वेळ तिथेच उभे होते. मला वाटलं, म्हातारपणी शाळा आठवतेय. मग ते हात धुवायला गेले.

त्यानंतर त्यांनी मला एकही आकडा दिला नाही. मला वाटायचं, तू नाहीस म्हणून.

म्हणजे बाबांना माहीत होतं. आईला माहीत होतं. मला तर होतंच. अख्ख्या घराला माहीत होतं की तू खरं बोललास, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी गप्प बसून दुसऱ्याला काही माहीत नाही असं समजत होता. आणि तू दूर कुठेतरी, हातात एकतीस बरोबर भागाकार आणि पुरावा काहीच नाही.

बाबांवर रागवायचा प्रयत्न केला, जमला नाही. त्यांनी एकदा अट घातली होती आणि ती मागे घ्यायची म्हणजे माझी शपथ खोटी होती असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं. त्यांना तुझ्यापेक्षा मला वाचवावंसं वाटलं असेल. किंवा स्वतःला. मी ठरवू शकत नाही, आणि त्यांच्या वतीने ठरवायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही. माझ्या वाट्याचं तेवढं मी ठरवते.

अट अशी होती की माफी मागितल्याशिवाय या घरात जेवायचं नाही. ती अट माझ्यावर असायला हवी होती. त्या हिशेबाने गेली सत्तावीस वर्षं या घरात जेवायचं नव्हतं ते मी. आणि मी दोन्ही वेळा पोटभर जेवत आले.

तू म्हणतोस तुझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मग हे घे. ७०९ पासून ९१९ पर्यंतच्या एकतीस भागाकारांपैकी मी एकही केला नव्हता. सगळे शेष मनाने लिहिले. बाबांच्या गळ्याची शपथ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे मला घेताना माहीत होतं. तू जे म्हणालास ते अक्षरशः खरं होतं. मला माफ कर. हा कागद ज्याला दाखवायचा असेल त्याला दाखव, आणि कुणालाच दाखवायचा नसेल तरी ठेव.

एवढं लिहून आईला वाचून दाखवलं. तिने मध्ये थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि कागद माझ्या हातातून घेऊन खालचा कोपरा पाहिला.

"बारकी काय बारकी," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षांची झालीस. पूर्ण नावाने सही कर."

करते आहे. खाली आहे, बघ.